शून्याच्या पाट्या

हॅलोरन पॉइंटला, सरोवराच्या काठी,
गळ आणि आमिषांचं दुकान पहाटे सहालाच उघडतं.
ऑक्टोबरात गिऱ्हाईक कुठलं?
वेंडेल बोझिक गांडुळांच्या डब्यांवर तारखा टाकत बसतो,
आणि कॉफीचं यंत्र गुरगुरायला लागलं
की हेरन्सचा हंगाम कशानं बुडाला
याची चौकशी बसते.

चौकशी कसली, सगळेच फिर्यादी.

थेडियस म्हणतो, कोपर.
रेन्कोचं कोपर जूनमध्येच गेलं होतं,
तरी मॅनेजर त्याला सातव्या इनिंगपर्यंत ताणत राहिला.
पिचर म्हणजे काय विहिरीचा दोर आहे?
एकतीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर काढलेला थेडियस
कप डाव्या हातानं उचलतो.

ऑपल लिंडक्विस्टला हे साफ नामंजूर.
कॅचर विकला तिथेच खेळ आटोपला, ती म्हणते,
गवंड्याला हाकलायचं आणि मग भिंतीला बोल लावायचा!
तिच्याकडे वही आहे, प्रत्येक सामन्याची, पेन्सिलीतली.
बारा जुलैला तो गेला, हे बघा,
पुढच्या पंधरा दिवसांत आपल्यावर चोरलेले बेस सव्वीस.
आम्ही वाकून बघतो.
ऑगस्टाचं एक पान खोडून खोडून
कांद्याच्या सालीसारखं झालंय.
ते ती पटकन उलटते.

बस, वेंडेल म्हणतो. मालकानं वातानुकूलित बस काढून टाकली,
पोरं दहा-दहा तास उकडून निघायची
आणि बॅट हातात घेईपर्यंत झोपेतच असायची.

सीगल, मार्लो म्हणतो.
आम्ही हसतो.
हसा हसा, तो म्हणतो, पण दोन ऑगस्टला चेंडू उंच गेला,
शॉर्टस्टॉप आणि सेंटर फील्डरच्या बरोबर मधोमध,
आणि नेमके तेव्हाच चाळीस पक्षी उठले गवतातून.
चेंडू पडला. दोघांच्या मध्ये. टप्प्‌ असा.
तिथून सलग अकरा पराभव. मोजा.

मी मोजलेत. पण मला कुणी विचारत नाही.
मी भिंतीमागे असतो, धावफलकाच्या पोटात.
पत्र्याच्या पाट्या खिळ्यांना अडकवायच्या, हेच माझं काम.
खेळ दिसतो तो वीटभर भोकातून:
डावं मैदान, एक खांब, बाकी सगळं आभाळ.
एप्रिलमध्ये शून्याच्या पाट्या पुरत होत्या.
ऑगस्टात कमी पडायला लागल्या, तेव्हा मी
इंग्रजी आठाची कंबर काळ्या रंगानं बुजवली,
की झालं शून्य.
आठ तसेही कुणाला लागत नव्हते.

दाराची घंटा वाजली.
ओसिरिस पेगेरो. शॉर्टस्टॉप. वय बावीस.
चुका एकोणीस, ऑपलच्या वहीप्रमाणे.
कॉफीचं यंत्रसुद्धा गप्प झालं.

दोन डझन गांडुळं हवी होती त्याला.
घरमालकिणीच्या मुलाला शब्द दिलाय, म्हणाला,
उद्या विमान आहे, आज मासे धरायला नेतो.
बारीक गळ आहे का? त्याचे हात लहान आहेत.

वेंडेलनं पैसे नको म्हणून मान हलवली.
त्यानं तरीही नाणी मोजून काचेवर मांडली, एकेक करून.
थेडियसनं उगाचच खिडकीबाहेर पाहिलं,
जणू सरोवर आत्ताच कुणीतरी आणून ठेवलं होतं.

दारापाशी तो थांबला.
ते पक्षी उठले ना, तो म्हणाला,
चेंडू मला दिसत होता. माझाच होता तो.
ओरडायचं होतं. पण तुमच्या भाषेतला शब्दच आठवेना.
आठवला तेव्हा चेंडू गवतात होता.

घंटा पुन्हा वाजली. गाडी सुरू झाली, आणि गेली.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
ऑपलनं वही उघडली, ते सालीसारखं पान काढलं,
त्यावर तळवा ठेवला,
आणि पेन्सिल कानामागेच राहू दिली.

मार्लो हळूच म्हणाला, एवढासा तर शब्द.

कॉफी गार झाली होती.
थेडियसनं डाव्या हातानं कप सरकवला
आणि कुणाकडेही न बघता म्हणाला,
तरीपण... कोपरच.